उजेडाआडचा तेजोमेघ

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या घराच्या अंगणात किंवा सांगलीत विश्रामबागेतील एखाद्या बंगल्याच्या आवारात जानेवारीच्या रात्री उभे राहून वर पाहिले, तर मृग नक्षत्र सहज ओळखता येते. व्याध लखलखताना दिसतो, काक्षीचा तांबूस रंग जाणवतो, हवा स्वच्छ असेल तर कृत्तिकांचा पुंजकाही सापडतो. बाकीचे आकाश मात्र राखाडी असते. या राखाडी पडद्यामागे, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर काक्षीच्या पूर्वेला, पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून अधिक रुंद असा एक तेजोमेघ पसरलेला आहे. शृंगाश्व तारकासमूहातील या मेघाला गुलाबासारख्या आकारामुळे ‘रोझेट’ असे नाव मिळाले. त्याचे अंतर सुमारे पाच हजार प्रकाशवर्षे. शहरातून तो डोळ्यांना दिसत नाही. साध्या दुर्बिणीतून त्याच्या मध्यभागी असलेला ताऱ्यांचा गुच्छ तेवढा दिसतो.

असे असूनही शहरातील घराच्या अंगणातून रोझेटचे छायाचित्र घेता येते. त्यासाठी डोंगरमाथ्यावरील वेधशाळेची किंवा अजस्र दुर्बिणीची गरज नसते. कॅमेरा, दोनशे ते चारशे मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग, आकाशाच्या गतीबरोबर फिरणारे एक यंत्र, एक विशिष्ट फिल्टर आणि अनेक रात्रींचा संयम एवढी सामग्री पुरते. जे डोळ्याला दिसत नाही ते कॅमेऱ्याला कसे दिसते आणि त्याच्या या सामर्थ्याची सीमा कोठे आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या सीमेचा संबंध छायाचित्रणाच्या हौसेइतकाच गावातील दिव्यांशीही आहे.

सुरुवात घराच्या आवारातूनच

तेजोमेघांच्या छायाचित्रणाचा जन्मच मुळी हौशी माणसांच्या आवारात झाला. हेन्री ड्रेपर या अमेरिकी डॉक्टरने ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळील हेस्टिंग्ज-ऑन-हडसन येथील आपल्या खासगी वेधशाळेतून मृगातील प्रसिद्ध तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. कोणत्याही तेजोमेघाचे ते पहिले छायाचित्र. त्यासाठी काच ५१ मिनिटे उघडी ठेवावी लागली होती. त्यानंतर १८८३ च्या जानेवारीत अँड्र्यू कॉमन या इंग्रज अभियंत्याने लंडनच्या ईलिंग उपनगरातील आपल्या घराच्या बागेतून ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने त्याच तेजोमेघाचे ३७ मिनिटांचे छायाचित्र घेतले. दुर्बिणीला डोळा लावूनही कोणाला दिसले नव्हते असे तारे त्याच्या काचेवर उमटले. प्रकाश साठवून ठेवण्याची जी शक्ती डोळ्याला नाही, ती छायाचित्राला आहे, हे त्या काचेने सिद्ध केले. १८८४ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने कॉमनला सुवर्णपदक दिले.

त्या काळच्या ईलिंगचे आकाश आजच्या सातारा-सांगलीच्या आकाशाहून अधिक काळोखे होते. आजच्या अंगणातील छायाचित्रकाराला ड्रेपर आणि कॉमन यांना न पडलेला प्रश्न सोडवावा लागतो. मंद वस्तूचा प्रकाश गोळा करणे पुरेसे नाही. तो गावाच्या उजेडातून वेगळा काढावा लागतो.

थेंबांचा हिशेब

रस्त्यांवरील, दुकानांच्या पाट्यांवरील आणि मैदानांतील दिव्यांचा बराचसा उजेड थेट वर जातो किंवा जमिनीवरून परावर्तित होऊन वर जातो. हवेतील रेणू, धूळ, धूर आणि बाष्प त्याला विखुरतात आणि त्यातला काही भाग पुन्हा खाली येतो. आकाशाला आलेला हा उजाळा म्हणजेच प्रकाश प्रदूषण. स्वच्छ, निसर्गतः काळोख्या आकाशाची तेजस्विता खगोलशास्त्रज्ञ दर चौरस विकलेला सुमारे २२ प्रत अशी मोजतात. मोठ्या शहराच्या आकाशात हा आकडा १८ च्या आसपास येतो. प्रतीच्या मोजपट्टीवरील हा चारचा फरक प्रत्यक्षात चाळीस पटींचा असतो. सांगली-साताऱ्यासारखी मध्यम शहरे या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी येतात.

उजळलेल्या आकाशाची खरी अडचण निराळीच आहे. आकाशाचा उजाळा सर्वत्र सारखा असता तर तो संगणकावर सरळ वजा करता आला असता. पण प्रकाश कणांच्या रूपाने येतो आणि हे कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. एका फरशीवर मिनिटाला सरासरी शंभर थेंब पडत असतील, तर एखाद्या मिनिटाला ९२ पडतील, एखाद्याला १०७. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. छायाचित्रात वाळू भुरभुरल्यासारखी जी खरखर दिसते, ज्याला छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात, तिचे एक मोठे कारण हेच.

समजा, एका छायाचित्रात सेन्सरच्या एका चौकटीवर आकाशाच्या उजाळ्याचे दहा हजार प्रकाशकण पडले आणि तेजोमेघाचे केवळ पन्नास. दहा हजारांतील चढउतार शंभराचा. त्यात पन्नासाचा मागमूसही लागणार नाही. आता अशी शंभर छायाचित्रे घेऊन त्यांची बेरीज केली, तर आकाशाचे कण दहा लाख होतील आणि त्यांचा चढउतार एक हजाराचा. तेजोमेघाचे कण मात्र पाच हजार झालेले असतील. पहिल्या छायाचित्रात हरवलेला मेघ आता चढउताराच्या पाचपट उठून दिसतो. अंगणातले छायाचित्रकार तीन-तीन मिनिटांची शेकडो छायाचित्रे का घेतात, त्याचे उत्तर या हिशेबात आहे. अशी दोनशे छायाचित्रे म्हणजे दहा तासांचा प्रकाश, आणि तो एका रात्रीत क्वचितच गोळा होतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू मात्र निरुत्साही करणारी आहे. आकाश चाळीसपट उजळ असेल, तर काळोख्या माळावर एका तासात मिळणारे यश मिळवायला शहरात चाळीस तास लागतात. केवळ चिकाटीच्या बळावर ही लढाई फार काळ चालवता येत नाही. येथे तेजोमेघाचा स्वभाव छायाचित्रकाराच्या मदतीला येतो.

एकाच रंगाचा प्रकाश

दिव्याचा किंवा ताऱ्याचा प्रकाश साधारणपणे अनेक रंगांत पसरलेला असतो. रोझेटसारखा तेजोमेघ तसा नाही. त्याच्या मध्यभागी असलेल्या तरुण, अतितप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी भोवतालचा वायू उद्दीपित होतो आणि हा वायू मोजक्या, अगदी नेमक्या तरंगलांबींवरच प्रकाशतो. हायड्रोजनचा गडद तांबडा प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरवर, तर ऑक्सिजनचा निळसर हिरवा प्रकाश मुख्यत्वे ५००.७ नॅनोमीटरवर असतो.

या हिरव्या रेषेच्या इतिहासात पुण्याचाही वाटा आहे. विल्यम हगिन्स यांना १८६४ साली तेजोमेघाच्या वर्णपटात ती प्रथम आढळली. पण पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी तिचा मेळ बसेना. नॉर्मन लॉकयर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या वर्णपटातील एका पट्ट्याची कड होती. तसे असते तर ती एका बाजूने धूसर दिसायला हवी होती. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली होती. तिच्या २० इंची दुर्बिणीतून मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासून त्यांनी १८९१ साली ही रेषा सर्व परिस्थितींत तीक्ष्णच दिसते, असे नोंदविले. लॉकयर यांच्या तर्काला त्यामुळे बाधा आली. पुढे १९२७ साली आयरा बोवेन यांनी कोडे सोडवले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा होती. तेजोमेघातील वायू प्रयोगशाळेतील निर्वाताहूनही विरळ असल्यामुळे ती तेथे उमटू शकते. नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाल्यावर पुण्यातील वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

रेषेची ही तीक्ष्णता, म्हणजे प्रकाश एकाच बारीक जागी एकवटलेला असणे, अंगणातील छायाचित्रकाराच्या कामी येते. दृश्य प्रकाशाचा पट्टा सुमारे तीनशे नॅनोमीटर रुंद आहे. त्यातून हायड्रोजनच्या रेषेभोवतीचे केवळ सात नॅनोमीटर आत सोडणारा फिल्टर भिंगासमोर किंवा सेन्सरपुढे बसवला, तर सर्व रंगांत विखुरलेला गावाचा उजेड ढोबळमानाने त्रेचाळिसाव्या हिश्शावर येतो. तेजोमेघाचा तांबडा प्रकाश मात्र जवळपास पूर्ण आत येतो. वरच्या उदाहरणातील आकाशाचे दहा हजार कण आता सुमारे दोनशेतीस उरतील आणि त्यांचा चढउतार पंधराचा असेल. तेजोमेघाचे पन्नास कण पहिल्याच छायाचित्रात त्याच्या तिप्पट भरतील. चाळीसपट उजळलेल्या आकाशाचा तोटा एका काचेने जवळजवळ भरून निघतो.

अर्थात हे फायदे पदरात पडायला कॅमेराही तसा हवा. बाजारातील नेहमीच्या कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे अवरक्त किरण रोखणारी एक काच असते. ती ६५६ नॅनोमीटरचा बराचसा तांबडा प्रकाशही अडवते. त्यामुळे काही जण ती काच बदलून घेतात. कॅननने २००५ साली २०डीए आणि निकॉनने २०१५ साली डी८१०ए हे खास आकाशाच्या छायाचित्रणासाठीचे कॅमेरे काढले, तेही याच कारणाने. रंगीत सेन्सरमध्ये दर चार चौकटींपैकी एकीवरच तांबडा फिल्टर असतो. म्हणून कृष्णधवल सेन्सरचे खगोलीय कॅमेरे या कामी अधिक उपयोगी पडतात.

सतराव्या अक्षांशावरचे आकाश

साताऱ्याचा अक्षांश सुमारे १७.७ अंश, सांगलीचा १६.९. रोझेट तेजोमेघ खगोलीय विषुववृत्ताच्या पाच अंश उत्तरेला असल्यामुळे मध्यमंडलावर येतो तेव्हा तो या दोन्ही शहरांतून ७७-७८ अंश उंचीवर, म्हणजे जवळपास डोक्यावर असतो. लंडनमधून तो ४४ अंशांच्या वर चढत नाही. माथ्यावरील प्रकाशाला वातावरणाचा सर्वांत पातळ थर ओलांडावा लागतो आणि शहराचा उजाळाही तेथेच सर्वांत कमी असतो. विश्रामबागेतून पूर्वेला मिरजेच्या दिव्यांची आभा असते. त्यातून तेजोमेघ उगवत असताना घाई करण्यात अर्थ नसतो. तो माथ्याच्या दोन्ही बाजूंना असतानाचे चार तासच कामाचे. डिसेंबरअखेरीस तो मध्यरात्री मध्यमंडलावर येतो, तर फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री आठच्या सुमारास. पावसाळ्यानंतर आकाश मोकळे होते खरे, पण या तेजोमेघाचा खरा हंगाम हे तीन महिनेच.

याच अक्षांशाची दुसरी बाजू गैरसोयीची आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. तारे ठिपक्यांसारखे यायचे, तर कॅमेऱ्याखालच्या माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवावा लागतो आणि त्यासाठी ध्रुवतारा दिसावा लागतो. सातारा-सांगलीतून तो क्षितिजावर जेमतेम सतरा अंश असतो. उत्तरेला पंधरा मीटरांच्या आत सहा मीटर उंचीचे घर असले तरी तो झाकला जातो. मग आंबा, नारळ आणि शेजारची पाण्याची टाकी यांची गोष्टच नको. अशा वेळी पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या ताऱ्यांचे सरकणे पाहून अक्ष हळूहळू जुळवण्याची जुनी पद्धत उपयोगी पडते. छायाचित्रातील तारे ओळखून अक्षाची चूक सांगणाऱ्या संगणक प्रणालींनी हे काम आता पुष्कळ सोपे केले आहे.

हिवाळ्यातील हवेचीही दखल घ्यावी लागते. सांगलीत कृष्णाकाठी उत्तररात्री दव पडते, भिंगावर बाष्प साचते आणि तारे सुजल्यासारखे दिसू लागतात. भिंगाभोवती मंद उष्णता देणारी पट्टी गुंडाळणे हा त्यावरचा उपाय. शिवाय हे महिने ऊस गाळपाचे. फडात जाळलेल्या पाचटाचा धूर हवेत तरंगत राहतो आणि दिव्यांचा उजेड अधिक विखुरतो. वाऱ्याने हवा स्वच्छ झालेली रात्र त्यामुळे अमावास्येइतकीच मोलाची ठरते. किंबहुना हायड्रोजनचा फिल्टर असेल, तर अर्ध्या चंद्राच्या रात्रीही काम चालू शकते. ऑक्सिजनच्या हिरव्या प्रकाशाला मात्र चांदणे अधिक बाधते.

चित्र खरे की खोटे?

तासन् तास गोळा केलेली छायाचित्रे संगणकावर ताऱ्यांच्या आधाराने एकमेकांवर तंतोतंत बसवून त्यांची सरासरी काढली जाते. त्यासोबत आणखी दोन प्रकारची छायाचित्रे लागतात. भिंगावर झाकण ठेवून तेवढ्याच वेळाची काही घेतली जातात. त्यांतून सेन्सरचे स्वतःचे दोष कळतात. काही भिंगावर पांढरे स्वच्छ कापड ताणून एकसारख्या उजेडात घेतली जातात. त्यांतून भिंगाच्या कडेचा काळवंडलेपणा आणि धुळीचे डाग कळतात. हे सारे वजा केल्यावरही शेजारच्या पथदिव्याचा तिरपा उजाळा एका कोपऱ्यात उरतो. तोही मोजून काढावा लागतो. अखेरीस मंद भाग डोळ्याला दिसेल इतका उजळवला की रोझेटच्या पाकळ्या उमटतात.

असे चित्र पाहिल्यावर रंग खरे आहेत का, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. हायड्रोजनचा तांबडा प्रकाश खराच आहे. आपला डोळा मंद उजेडात रंग ओळखत नाही आणि तांबड्याला तर फारच कमी दाद देतो, म्हणून तो दिसत नाही. मात्र हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा आणि गंधकाला तांबडा रंग देण्याचीही एक रीत आहे. हबल दुर्बिणीच्या १९९५ च्या गरुड तेजोमेघाच्या चित्रामुळे ती लोकप्रिय झाली. तेथे रंग नकाशातल्या रंगांसारखे असतात; कोणता वायू कोठे आहे, हे ते सांगतात. चित्राखाली तसा उल्लेख असला की फसवणूक उरत नाही. मात्र रंग कोणतेही दिले, तरी मेघाचा आकार हा सेन्सरवर प्रत्यक्ष पडलेल्या प्रकाशाचाच असायला हवा.

रोझेटच्या बाबतीत हा आकार पूर्ण दिसणे किती अवघड होते, याची साक्ष त्याचे यादीतील क्रमांकच देतात. एकाच मेघाला एनजीसी २२३७, २२३८, २२३९ आणि २२४६ असे चार क्रमांक आहेत. एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या निरीक्षकांना त्याचे वेगवेगळे तुकडे दिसले आणि प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र नोंद झाली. अखंड वर्तुळ पुढे छायाचित्रांनीच दाखवले.

फिल्टर जेथे थांबतो

फिल्टरचे हे यश सर्व आकाशाला लागू पडत नाही. देवयानीतील दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्रित प्रकाश. तो दिव्यांच्या प्रकाशासारखाच सर्व रंगांत पसरलेला असतो. कृत्तिकांभोवतीची निळसर धूळ ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे तिचीही तीच गत. आकाशगंगेचा पट्टा तर डोळ्यांनी पाहायचा. या साऱ्यांना वाचवणारी काच अस्तित्वात नाही.

त्यात दिव्यांचा प्रकारही बदलला. जुन्या सोडियम दिव्यांचा उजेड मुख्यतः पिवळ्या-नारिंगी भागात असे. तेवढा भाग अडवणारे स्वस्त फिल्टर मिळत आणि उरलेले आकाश बऱ्यापैकी वाचत असे. जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर एलईडी दिवे बसू लागले. विजेची मोठी बचत झाली, हे नाकारता येत नाही. पण पांढऱ्या एलईडीचा वर्णपट सलग असतो, म्हणून जुने फिल्टर निकामी ठरतात; आणि त्यातील निळा अंश हवेत अधिक विखुरतो. २०११ ते २०२२ या काळात सामान्य नागरिकांनी नोंदवलेल्या ५१ हजारांहून अधिक निरीक्षणांचा अभ्यास २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुख्यतः युरोप-अमेरिकेतील या नोंदींनुसार आकाशाचा उजाळा वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत होता. या वेगाने तो आठ वर्षांच्या आत दुप्पट होतो.

हे प्रदूषण मात्र नदीतल्या मळीसारखे साचून राहत नाही. दिवा झाकला की त्याच क्षणी ते थांबते. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसमध्ये दिवे मंदावले, तेव्हा माउंट विल्सन वेधशाळेतील वॉल्टर बाडे यांना देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातील तारे सुटे टिपता आले. महाराष्ट्रानेही भारनियमनाच्या वर्षांत, नाइलाजाने का होईना, गल्लीत दिवे गेल्यावर उघडणारे आकाश पाहिले आहे. त्यासाठी काळोखात राहण्याची गरज नाही. पथदिव्यावर उजेड खालीच टाकणारे आच्छादन, पांढऱ्याऐवजी पिवळसर छटेचा दिवा आणि मध्यरात्रीनंतर जाहिरातफलक बंद ठेवणे, एवढ्यानेही फरक पडतो. विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ती अशाच उपायांमुळे.

सातारा जिल्ह्यात माण-खटाव आणि सांगलीत जत-आटपाडी हे अवर्षणप्रवण तालुके. ढग कमी आणि मोठी शहरे दूर, ही तेथील आकाशाची श्रीमंती. शाळेच्या मैदानावर उभे राहून आकाशगंगा दाखवता येईल, अशी गावे तेथे आहेत. तेथे आता नवे दिवे लागत आहेत आणि ते लागायलाच हवेत. ते कसे लागतात, एवढाच प्रश्न आहे. शहराच्या अंगणात फिल्टर लावून दहा तासांत मिळवलेले रोझेटचे चित्र हौशी माणसाच्या चिकाटीचे फळ असते. पण हायड्रोजनच्या एका रेषेपुरते आकाश परत मिळवायला किती कष्ट पडतात, याचाही तो हिशेब आहे. ग्रामपंचायतीने खांबावर दिवा चढवताना त्यावर एक झाकण बसवले, तर माणदेशातल्या मुलांना या हिशेबाची गरज पडणार नाही.